चौथी खाच

“बाबा, माझ्या पंधराव्याला तू माझ्याबरोबर नाचणार आहेस की नाही?”

विचारलं एकदाचं. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं ब्रिसा आणि होर्हेलिना आठवडाभर आयलीनला डिवचत होत्या. आत्ताही दोघी फाटकापाशी सायकलींना टेकून, कान टवकारून उभ्या होत्या. वाढदिवस पंधरा दिवसांवर आला होता. क्लबाचा हॉल ठरला होता, आईने शिवायला घेतलेल्या ड्रेसची फक्त खालची पट्टी राहिली होती. आणि पंधराव्या वाढदिवसाचा पहिला वॉल्ट्झ मुलीने बापाबरोबर नाचायचा, हे अख्ख्या रफाएला गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त बापाने, रूबेनने, अजून हो म्हटलं नव्हतं. तालमीची वेळ झाली की त्याला हमखास गॅरेजात काम निघायचं.

आत्ताही तो तिथेच होता. गॅरेजभर पसरलेल्या टेबलावर एमडीएफ लाकडाचे दोन तक्ते जोडलेले, आणि त्यांवर छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. दुकानातला प्लास्टिकचा नव्हे, घरी लाकडात कोरलेला. गाडीच्या पोटाखालची खुंटी ज्या खाचेतून धावते, तशा चार खाचा पाडायच्या होत्या. तीन झाल्या होत्या. चौथीसाठी लवचीक पट्टी वळणावळणाने वाकवून खिळ्यांनी ठोकून ठेवली होती.

रूबेनने तुंब्यातला कडू चहा नळीने ओढला. सावकाश. मग खाच पाडायचं यंत्र तिच्याकडे सरकवून म्हणाला, “ही तू पाड.”

हे काही उत्तर नव्हतं. पण तीन महिन्यांत त्या यंत्राला त्याने कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं, त्यामुळे आयलीनने आधी डोळ्यांवर चष्मा चढवला, भांडण नंतर.

“पट्टीला चिकटून चल,” तो म्हणाला. “मध्ये थांबू नकोस. थांबलीस की लाकूड जळतं.”

आयलीन डावखुरी. तिने आपल्याला सोयीच्या टोकाकडून सुरुवात केली, म्हणजे नेमकी उलटी. यंत्र गुरगुरलं, दोन विती गुमान गेलं आणि मग हट्टी कुत्र्यासारखं पट्टी सोडून तिला बाहेर ओढायला लागलं. तिने बटण बंद केलं तोवर सरळ जाणाऱ्या खाचेला चांगलं पोट सुटलं होतं.

“बापावर गेली,” दारातून आवाज आला. ग्रिसेल्दा, तिची आई, ड्रेस हातावर टाकून माप बघायला आली होती. “आमच्या लग्नातल्या वॉल्ट्झला ह्याने असंच केलं. मी डावीकडे, हा उजवीकडे. माझ्या अंगठ्याचं नख गेलं.”

फाटकापाशी खसखस पिकली. रूबेनचे कान लाल झाले.

“म्हणून तू तालमीला येत नाहीस?” आयलीनने विचारलं.

तो खाचेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला की लाकडाचं बरं असतं, चुकलं तर लांबी-पुट्टी भरायची, वाळली की घासायची आणि पुन्हा पाडायची. हॉलमध्ये दीडशे माणसं बघत असतात. तिथे लांबी कुठून आणणार?

 

पोट सुटलेली जागा नंतर भरू म्हणत रूबेन तिला पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी घेऊन गेला आणि तिच्या मागे उभा राहिला. तिचे हात यंत्राच्या मुठींवर, त्याचे तिच्या हातांवर. यंत्र सुरू झालं. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून तो अंगठ्याने तिच्या हातावर ठोके देऊ लागला. एकला पाऊल बाजूला. दोनला दुसरं पाऊल पहिल्याजवळ. तीनला दम घ्यायचा, पण हात चालूच. सरळ भाग संपला, मोठं वळण आलं. दोघं टेबलाच्या टोकाला वळसा घालत निघाली. यंत्र थांबलं नाही, लाकूड जळलं नाही, पट्टी सुटली नाही.

आयलीनने खाली पाहिलं. बापाच्या जुन्या कापडी चपला भुशातून सरकत होत्या. तो पायांकडे बघतही नव्हता.

एक-दोन-तीन. एक-दोन-तीन.

खाच संपली, यंत्र बंद झालं, तरी त्याचा अंगठा तिच्या हातावर मोजतच होता. तो भानावर आला, हात काढून घेतला, भुशावर फुंकर मारली. एक लाल गाडी खाचेत ठेवून बोटाने ढकलली. गाडी वळणावर पोचली, शेपूट हलकेच बाहेर झोकून, एक गिरकी घेऊन पुढे गेली.

“कुठे अडकली नाही,” रूबेन म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

“नखं?” ग्रिसेल्दाने विचारलं.

“दहाच्या दहा आहेत,” आयलीन म्हणाली. ती गाडीकडे बघतच नव्हती. टेबलाच्या टोकाभोवती, पांढरट भुशात, चार पावलांचे ठसे अर्धगोलात उमटले होते. एकावर एक कुठेच नाही.

तिने चष्मा कपाळावर सरकवला.

“आई, बाबा, माझं ठरलंय. जेवण हॉलमध्ये, केक हॉलमध्ये, धिंगाणा हॉलमध्ये. वॉल्ट्झ इथे. ज्याला बघायचाय त्याने फाटकापाशी उभं राहायचं, ह्या दोघी राहिल्यात तसं. आई, ड्रेस चार बोटं वर घे, भुशात लोळायला नको.” मग तिने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि फाटकावरून ब्रिसाच्या हातात दिला. “आणि पंधरा दिवस ह्या गॅरेजात कुणी झाडू मारायचा नाही.”