धारेची वेळ

"हे सगळे कंदील तुम्हीच घेतलेत," पेठे म्हणाले. "स्वतःच्याच लिंकवरून. कमिशनसाठी."

सुषमानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "एवढ्या कंदिलांचं मी काय करू, साहेब? लोणचं घालू?"

पेठे हसले नाहीत. ते पुण्याच्या एका कंपनीतून न्हावऱ्याजवळच्या या वस्तीवर तपासणीला आले होते. कंपनी इंटरनेटवरून घरगुती वस्तू विकायची. कुणी आपल्या पानावर एखाद्या वस्तूबद्दल लिहायचं, वाचणाऱ्यानं तिथली लिंक दाबून ती वस्तू घेतली की लिहिणाऱ्याला कमिशन. सुषमा शिरूरच्या सायबर कॅफेत बसून मराठीत लिहायची. चार्जिंगच्या कंदिलावरचं तिचं पान एवढं चाललं, की कंपनीला संशय आला.

"एकच कॉम्प्युटर, एकच बँक कार्ड, पार्सलचा पत्तासुद्धा एकच. तो कॅफे."

"मग? वस्तीवर कॉम्प्युटर हाय का कुणाकडं? लोक माझ्याकडं रोख देतात, मी माझ्या कार्डावरून भरते. आन् कुरिअरवाला शिरूरच्या पुढं येतच न्हाई."

"असं असेल तर ती माणसं दाखवा. नाहीतर खातं बंद. आणि इतर कंपन्यांनाही आम्ही तुमचं नाव कळवणार."

ओट्यावर बसलेले तिचे वडील बिरदेव अस्वस्थ झाले. सुषमा मात्र चपला घालून उभी राहिली.

"खातं गेलं तर जाऊ दे. पण लबाड म्हणून न्हाई जाणार. चला."

पेठ्यांच्या अंगात खाकी शर्ट होता. खांद्याच्या काळ्या पिशवीत नमुन्याचा एक कंदील होता. वाटेत एक बाई लांब काठीनं विजेच्या तारेवर टाकलेला आकडा घाईघाईनं ओढून काढत होती. पेठ्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

पहिलं घर बानूबाईंचं. पेठ्यांनी कंदील पुढं धरला. "आजी, असा घेतलाय तुम्ही?"

"बिल भरलंय आमचं."

"बिल नाही विचारत. कंदील."

"आमच्याकडं कुठला कंदील? चिमणीवर भागतंय."

"आजी, हे लाईटवाले न्हाईत," सुषमा कळवळून म्हणाली. "खरं काय ते सांगा की."

"तू गप गं. मागल्या साली आलेला त्योबी म्हणत हुता, खानेसुमारीचा हाय म्हून. आन् जाताना वायर घेऊन गेला."

पुढचं घर तात्याबांचं. म्हाताऱ्यानं नमुना हातात घेतला. तळाशी अंगठा नेऊन बटण दाबलं, उजेड पाहिला, पुन्हा विझवला.

"झ्याक हाय," तात्याबा म्हणाले. "पर असलं काय आपण कवा बघितल्यालं न्हाई बा."

तिसऱ्या दारातही तेच. चौथ्या घराला कुलूप होतं आणि आत कुणीतरी खोकत होतं.

परत अंगणात आल्यावर पेठ्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. "चूक मान्य आहे, एवढी सही करा. खातं बंद होईल, पण तुमचं नाव बाहेर जाणार नाही. मी एवढं करू शकतो."

"कर पोरी," बिरदेव हळूच म्हणाले. "साहेब भले हायेत. विषय मिटंल."

"आबा, न केलेल्या गोष्टीवर सही?"

"मग काय करणार हायेस?"

"चहा करते." तिनं पेठ्यांकडं वळून विचारलं, "किती वाजले, साहेब?"

हे तिनं वाटेतही दोनदा विचारलं होतं. वेळ काढतेय, पेठ्यांच्या मनात आलं. खोटी माणसं अशीच वेळ काढतात.

चहाला उशीर लागला. सुषमा कप घेऊन आली तेव्हा तिच्या बोटांना काळं लागलेलं होतं. चुलीचं असेल. तिनं ओढणीच्या टोकाला हात पुसले.

दिवस मावळला. वस्तीवरचे पिवळे बल्ब लागले. पेठ्यांनी तिच्या पानाची छापून आणलेली प्रत काढून वाचली. "'वर कडी आहे. त्यामुळे धार काढताना दोन्ही हात मोकळे राहतात.' छान लिहिता. कथा लिहा तुम्ही."

"म्हैस बघितलीय का कवा, साहेब?"

"विषय बदलू नका. सही करताय की निघू?"

"निघा."

पेठ्यांनी घराच्या कोपऱ्यापलीकडं लावलेल्या मोटारसायकलला किक मारली. गाडी गप्प. आणखी मारल्या. शर्ट घामानं पाठीला चिकटला.

"इथं मेकॅनिक आहे का कुणी?"

"हाय की. शिरूरला." सुषमा ओट्याच्या मेढीला टेकून उभी होती. "बसा निवांत. धार झाली की आबा सोडतील तुम्हाला."

तेवढ्यात बल्ब गेले. एकदम सगळे. अंगण, रस्ता, समोरची घरं, काहीच दिसेना.

"हे काय?"

"लोडशेडिंग. रोजचंच हाय. नेमकं धारेच्या वेळेला."

अंधारात बानूबाईंची म्हैस हंबरली. पुन्हा हंबरली. मग त्यांच्या गोठ्यात उजेड झाला. पांढरा, किंचित निळसर, माणसाच्या डोक्याच्या वर टांगलेला. पाठोपाठ तात्याबांचा गोठा उजळला. कुलूपबंद घरामागचाही. मग पार ओढ्यापर्यंत, एकामागून एक.

पेठ्यांनी पिशवीतला कंदील काढून लावला. तसाच उजेड.

"बानूआजीची चिमणी," सुषमा म्हणाली, "लई पांढरी जळते, न्हाई का?"

पेठ्यांनी बोटानं एकेक उजेड मोजला. मग त्यांनी तो छापील कागद फाडून खिशात कोंबला.

"उद्या खातं चालू होईल," ते म्हणाले. गाडीजवळ जाऊन त्यांनी आणखी एक किक मारून पाहिली. "ही मात्र आता रात्रभर इथंच."

सुषमानं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि गाडीचा प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला.