सहा कंगोरे

दाणा दोन मिलिमीटर लांबीचा होता. दोन्ही टोकं बोथट, अंगावर उभे सहा कंगोरे. तिनं भिंगाखाली दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांना सहाच. वहीत 'कोरडं, वास नाही' अशी नोंद करून तिनं चाळणीखालचा ढीग परातीत ओढला. दिसायला थेट चहाची पूड.

भिंतीपलीकडे, पत्र्याच्या लांब खोलीत, काही लाख झुरळं कालच्या उष्ट्यावर तुटून पडली होती. कान दिला तर वाळक्या पानांवरून कुणी हळू चालत असावं तसा आवाज यायचा. उष्टं संपलं की मागे त्यांच्या लेंड्यांचे हे दाणे उरायचे. चाळून, भट्टीत तासभर तापवले की खत तयार.

आई व्हरांड्यात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. महिन्यातून एकदा ती यायची, उष्टं आणणाऱ्या टेम्पोतून, ड्रायव्हरशेजारी, नाकाला रुमाल लावून. संध्याकाळी त्याच टेम्पोतून परत. शेडला लागूनच लेकीचं घर होतं आणि त्यातली पूर्वेची खोली तीन वर्षं आईसाठी तयार होती. पलंग, दिवा, धरून उठायला भिंतीला दांडा. विषय निघाला की आई 'बघू' म्हणायची. तिच्या स्वतःच्या घरी तीन मजल्यांचा जिना होता. चढताना हल्ली ती दोनदा पायरीवर टेकायची.

"तुझी मंडळी जेवली का?" आईनं हनुवटीनं पत्र्याच्या खोलीकडे दाखवत विचारलं. झुरळ हा शब्द ती इथं कधी तोंडातून काढत नसे.

"जेवताहेत."

"आज काय बेत?"

"इस्पितळाच्या कँटीनमधला भात. कोबीचे देठ."

"चैन आहे."

आईनं पर्स उघडली. नाकाला लावायच्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं ते सोडवून टेबलावर ठेवलं. लिंबू. पिवळं, घट्ट, देठाशी एक पान राहिलेलं.

"तुझ्या पिंपातल्या झाडाचं?"

"त्याच. सात वर्षं नुसती पानं मिरवत होतं. अजून अकरा आहेत वर. हे पहिलं."

लेकीनं लिंबू उचलून खताच्या काट्यावर ठेवलं. "बासष्ट ग्रॅम."

"वजन काय करतेस? वास घे."

तिनं वास घेतला. मग लिंबू हातातच धरून उभी राहिली. गेल्या हिवाळ्यापासून तिनं आईला चार पुड्या दिल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवर ठसठशीत अक्षरांत छापलेलं असायचं, झुरळखत. आईच्या पुड्यांवर मात्र तिनं हातानं 'नमुना १', 'नमुना २' एवढंच लिहिलं होतं. खरं सांगितलं तर आई झाडासकट पिंप फेकून देईल, आणि मग त्या खोलीचं नावही काढणार नाही. म्हणून प्रत्येक खेपेला तिनं पुढच्या खेपेवर ढकललं होतं.

"आई, ते खत आहे ना..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, चाळीस वर्षं फडताळामागून झाडून काढलंय मी ते. मला ओळखू येणार नाही होय? पहिली पुडी सोडली आणि कपाळाला हात लावला. म्हटलं, लेक एवढी शिकली, आणि शिकून शिकून आईला हे पाठवलं."

तिला हसू फुटलं. पाठोपाठ कानही तापले. "मग टाकून का नाही दिलंस?"

"टाकणारच होते. कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले." आईनं पदराच्या टोकाशी चाळा केला. "पण पुडीला वास नव्हता. वर तुझ्या हातचा आकडा होता. म्हटलं, हिनं दिलंय म्हणजे मोजूनमापूनच दिलं असणार. घातलं मूठभर."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर पायरीशी आला. "चला काकू, रिकाम्या बादल्या चढवल्या."

आईनं पाय खाली सोडले. इथं आल्यावर ती चवड्यांवरच चालायची. आज तिनं दोन्ही तळवे फरशीवर पुरते टेकवले आणि तशीच बसून राहिली.

"पूर्वेच्या खोलीत ऊन कधीपर्यंत असतं गं?"

"अकरापर्यंत."

"लिंबाला पुरेल?"

"खिडकीशी ठेवलं तर पुरेल."

"दारातून पिंप आत जाईल?"

"दार पंच्याऐंशी सेंटिमीटर आहे."

"पिंप सत्तर. मी मोजलंय." आई ड्रायव्हरकडे वळली. "पुढच्या खेपेला आणखी दोन माणसं घेऊन वर या. तिसऱ्या मजल्यावरून झाड उतरवायचंय."

"झाड इकडे? आणि तुम्ही काकू?"

"झाडाला काय एकटं पाठवू?" आई दांड्याविना, गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली. मग लेकीकडे बघत, पत्र्याच्या खोलीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मी राहायला येतेय. माझी चप्पल मात्र पलंगाखाली असेल. सांगून ठेव तुझ्या झुरळांना."