अर्धा अंतरा

"काकू, ती शेवटची ओळ आई कशी गायली, तेवढं सांगा. त्यासाठीच मी आलेय," कौमुदी म्हणाली.

शर्मिलाने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि सतरा वर्षांपूर्वीचं आता काही आठवत नाही, असं सांगितलं.

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारचा एसी घरघरत होता. कौमुदीने चहाला हात लावला नाही. उद्या सलव्यातल्या एका शाळेच्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. लोक यायचे होते ते प्रणिता वालावलकरची मुलगी गाणार म्हणून.

प्रणिता म्हणजे भावगीताचा प्राण, असं अजून म्हणत. नव्वदच्या जुलैअखेर ती कुवेतच्या मराठी मंडळींसाठी गायला आली आणि परतीच्या विमानाआधीच इराकी रणगाडे शहरात शिरले. शर्मिला आणि तिचा नवरा रविकांत राहायचे त्या इमारतीच्या तळघरात आठ-दहा माणसं लपली, त्यांत तीही होती. रविकांत रोज जीव मुठीत धरून पाणी, खुबूसच्या रोट्या आणि दुधाची पावडर शोधायला बाहेर पडायचा. चौथ्या दिवसापासून पावडर मिळेनाशी झाली. प्रणिताला ताप चढला. दहाव्या दिवशी ती गेली. उरलेली माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. बहुतेक जण पुन्हा कुवेतला आलेच नाहीत.

तिची बॅग रविकांतने जॉर्डनमार्गे मुंबईला पोचवली. बॅगेत तिचा रियाजाचा छोटा टेपरेकॉर्डर होता, तळघरातही ती उशाशी चालू ठेवायची तो, आणि त्यातल्या कॅसेटवर एक अंगाई.

ती अंगाई घराघरांत गेली. मरणाच्या दारात असलेल्या आईने मुंबईत राहिलेल्या दोन वर्षांच्या लेकीसाठी गायलेली. तापाने आवाज पार बदललाय, पण त्यात जे आहे ते तिच्या आधीच्या दोनशे गाण्यांत नाही, असं जाणकारांनी लिहिलं. शेवटचा अंतरा अर्ध्यावर तुटतो, तिथे ऐकणाऱ्यांना रडू आवरायचं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ती अंगाई लागली की शर्मिला उठून बाहेर जायची. हिने प्रणिताला जाताना पाहिलंय, असं लोक कुजबुजत आणि पाय बाजूला घेऊन वाट देत.

कौमुदी सांगत राहिली. बाराव्या वर्षापासून ती ही अंगाई गातेय. दर वेळी कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, छान, पण आईची सर नाही. गेल्या वर्षी पुण्यात त्याच ओळीवर तिचा आवाज फुटेना आणि ती स्टेजवरून पळाली होती. उद्याही जमलं नाही तर ती गाणं सोडणार होती.

"मला आई आठवत नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून तिने तेवढंच ठेवलंय. आणि तेच मला गाता येत नाही."

खिडकीशी उभा असलेला रविकांत हलक्या आवाजात म्हणाला, "सांगून टाक आता."

शर्मिलाने नकारार्थी मान हलवली.

मग कौमुदीने स्वतःच ओळ धरली. सूर चोख लागला, पण ओळ कोरडीच राहिली. तिने पुन्हा घेतली. पुन्हा. चौथ्यांदा ओळ मध्येच सोडून तिने तोंड ओंजळीत लपवलं. खांदे हलू लागले.

शर्मिला तिच्याकडे पाहत होती. पाहता पाहता तिचे ओठ हलले आणि ती ओळ तिच्या तोंडून आली. आवाज गंजलेला, कित्येक वर्षांत न वापरलेला. पण तीच जागा, तसाच भरून आलेला श्वास. आणि तुटली तीही तिथेच.

कौमुदीचे हात खाली आले. ती शर्मिलाच्या गळ्याकडे पाहत राहिली.

"मध्येच का थांबलात?" तिने विचारलं. "तेव्हा?"

"बाळ रडायचं थांबलं होतं."

"कुठलं बाळ?"

रविकांतने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"माझं," शर्मिला म्हणाली.