न नासणारं दूध

दूधवाल्या धनेशचं दूध सकाळपासून न तापवता ओट्यावर होतं. चार वाजले तरी नासलं नव्हतं.

"बघा ना आई, भर मे महिन्यात!" रेवा म्हणाली. "महिनाभर मनस्वीला हेच देतेय."

तिच्या सासूबाई, आशालताबाई, लेकीकडे महिनाभर राहून कालच पनवेलला परतल्या होत्या. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेलेली. टिकणाऱ्या दुधाचं त्यांना कौतुक वाटेना.

त्या खाली जाऊन दुकानातून एक दुधाची पिशवी घेऊन आल्या. येताना मासे पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडून टाकीत घालायचं निळं औषधही आणलं. दोन्ही दुधं उकळून कोमट केली, दोन ग्लासांत ओतली. दोन्हींत एकेक चमचा दही, दोन-दोन थेंब निळं औषध. ग्लास गरम पाण्यात ठेवले आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

तासाभराने पिशवीचं दूध पांढरं झालं. फक्त वर एक बारीक निळी कड राहिली. धनेशचं दूध तळापर्यंत निळंच होतं.

"म्हणजे आपलंच चांगलं की!" रेवा म्हणाली.

"दह्यातले जंतू दुधातली साखर फोडतात. तेव्हा निघणारे इलेक्ट्रॉन कुणाला तरी द्यावेच लागतात. वर हवा आहे, तिथे ऑक्सिजन घेतो. खाली हवा पोचत नाही, तिथे या रंगाने घेतले. म्हणून तो गेला." त्यांनी पांढरा ग्लास चमच्याने ढवळला. हवा मिसळली तसं दूध पुन्हा निळसर झालं.

"आणि यात?" रेवाने दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

"यात कुणी साखर फोडतच नाहीये. चमचाभर दही गेलंय, तरी नाही. जंतूच जगत नाहीत गं यात."

रेवाने मनस्वीच्या हातातला कप काढून घेतला. पोर रडायला लागली.

"आठ दिवस पोट दुखतंय म्हणतेय ती," रेवा हळूच म्हणाली. "मला वाटलं, दूध टाळायचं नाटक."

बेल वाजली. दारात धनेश, हातात संध्याकाळचा कॅन.

"कुठून आणतोस रे दूध?" आशालताबाईंनी विचारलं.

"हायवेवर गाडी येते, मावशी. येतं तसंच देतो. मी कायपन टाकत नाय."

टाकण्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने कॅनचं झाकण उघडलं आणि भांड्यासाठी हात पुढे केला. रेवाने भांडं दिलं नाही.

"तुझी पोरंही हेच पितात का?" तिने विचारलं.

"नाय वो," धनेश मोकळेपणाने हसला. "आमचे घरा म्हैस हाय."