नावं ठेवायला जागा

चादरीच्या घडीपासून चहाच्या रंगापर्यंत, नवऱ्याने तिच्या एकाही कामाला कधी नावं ठेवायची सोडली नाहीत. घटस्फोट झाला, घर त्याच्याकडे गेलं. हॉलच्या जमिनीवर लाकडी नक्षीच्या व्हिनाइल पट्ट्या बसवायचं काम तिनेच अंगावर घेतलं होतं. तेवढं पुरं करूनच ती निघाली. पट्ट्या एकमेकींत घट्ट अडकवल्या, वर भिंतीलगत स्कर्टिंगही ठोकलं. तो गुडघ्यांवर रांगून तपासत राहिला, पण खोट काही सापडेना.

किल्ली हातात देताना ती म्हणाली, "एका पट्टीची नक्षी मुद्दाम उलटी बसवलीय. बसा शोधत!"

महिन्याभरात लेकीचा फोन आला, "आई, बाबांनी स्कर्टिंगसकट अख्खी जमीन उखडलीय गं!"

ती खुदकन हसली.

"अगं, सगळ्या सरळच होत्या."