शिपाई मारोती ठावरीचे वडील

“पोहाले कितव्या वर्षी शिकला जी तो?” जयाबाईंनी विचारलं.

“सातव्या,” विठ्ठलरावांनी ठोकून दिलं.

मारोती ठावरीला पोहता येत होतं की नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्या पोराचं तोंडसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ओळख काय ती समोरच्या काळ्या दगडावरची: शिपाई मारोती ठावरी, मारेगाव, १९९९.

यवतमाळची ही तळ्याची बाग इंग्रजांच्या काळातली. दोन तळी, मधून दगडी वाट, गुलाबांचे वाफे आणि वरच्या अंगाला दोन स्मारकं. एक जुन्या महायुद्धाचं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुसरं अलीकडचं, त्याच्यासमोर कॉलेजची पोरं सेल्फी काढतात.

विठ्ठलराव वणीच्या कोळसा खाणीतून रिटायर झाले होते, वजनकाट्यावर होते ते. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर इथं भाड्याच्या खोलीत येऊन राहिले. चार-चार दिवस तोंडातून शब्द निघत नसे. दुधाच्या पिशवीकडे बोट दाखवलं की दूध मिळतं, त्याला बोलावं लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सावली बघून ते त्या दगडापाशी टेकले. एका नावावर पाखराची घाण पडली होती, ती त्यांनी सहज रुमालानं पुसली. पाण्याचा पाइप ओढत येणाऱ्या उकंडा माळ्यानं ते पाहिलं.

“तुमचा पोरगा होय का जी?”

विठ्ठलरावांनी मान हलवली. काय म्हणायचं होतं, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण उकंड्यानं पाइप खाली टाकला, हात जोडले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर पुढे केली. आता अर्धी भाकर हातात घेऊन माणूस नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून बागेत सगळे त्यांना रामराम करू लागले. एक दिवस गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी व्हायची. हे खोटं उघडं पडलं की पुन्हा ती खोली आणि त्या चार भिंती, हे ते जाणून होते. त्या खोलीची त्यांना भीती वाटायची.

जयाबाई पहिल्यांदा आल्या त्या यंदाच्या चैत्रात. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, साधी सुती साडी, हातात कागदांची पिशवी. कचेरीत काम होतं, बस सुटेपर्यंत वेळ काढायचा आहे, इतकंच म्हणाल्या. उकंड्यानंच मोठ्या अभिमानानं ओळख करून दिली, “हे मारोती शहीदाचे बाबूजी.”

बाईंनी विठ्ठलरावांकडे इतका वेळ पाहिलं की त्यांना घाम फुटला. मग त्या शेजारी बसल्या. “सांगा ना जी त्याच्याबद्दल.”

पुढे दर गुरुवारी त्या येऊ लागल्या. ही पेपरवाली असावी, असा विठ्ठलरावांना दाट संशय होता. प्रश्नच तसे. शाळा कोणती, मार कशावरून खाल्ला, भाजी कोणती आवडायची. आठवडाभर खोलीत बसून विठ्ठलराव मारोतीचं बालपण रचायचे. तो चिंचेवरून पडला, हात मोडला. आईला पत्ता लागू न देता त्यानं मांजर पाळलं. आणि कठीण म्हणजे विठ्ठलरावांचा त्या पोरावर जीव जडत चालला. त्याच्या तापाचं सांगताना त्यांना खरंच रुमाल काढावा लागला. बाईंनी डोळ्याला पदर लावला.

जुलैत उकंडा धावतच आला.

“बाबूजी, छब्बीसले मोठा कार्यक्रम हाय! पहिल्यांदाच होऊन राह्यला. शहीदाच्या घरच्याइले बलावलं. तुमाले चिठ्ठी भेटली असनच!”

घरचे येणार. विठ्ठलरावांनी ठरवलं, निदान जयाबाईंना तरी आपल्याच तोंडून कळू द्यावं.

“बाई, एक सांगाचं हाय,” गुरुवारी त्यांनी सुरुवात केली. “मी मारोतीचा...”

“मांजराचं पुढं काय झालं?”

“मांजराचं राहू द्या. मी खोटं...”

“मांजराचं सांगा जी आधी.”

बाईंचा आवाज असा काही झाला की विठ्ठलरावांनी निमूट मांजराला पिल्लं झाल्याचं सांगितलं.

सव्वीसला जायचंच नाही, असा त्यांचा निश्चय होता. पण सकाळी पाय आपोआप बागेकडे वळले. शेवटचं एकदा बघून घ्यावं, म्हणून ते तळ्याकाठी झाडामागे उभे राहिले. मांडव भरला होता. उकंड्यानं त्यांना नेमकं हेरलं आणि हाताला धरून यादीवाल्या साहेबांपुढे उभं केलं.

“साहेब, हे मारोती ठावरीचे बाबूजी. मांगंच उभे होते!”

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. “ठावरी? त्यांचे वडील तर त्यांच्या लहानपणीच वारले, असं लिहिलंय इथं. तुम्ही कोण?”

उकंड्याचा हात सुटला. मागच्या दोन-तीन रांगा वळून बघू लागल्या. विठ्ठलरावांना तळ्यात जाऊन बुडावंसं वाटलं.

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, “लग्नानंतर अवघ्या बावीस दिवसांत सीमेवर परतलेल्या शहीद मारोती ठावरी यांच्या वीरपत्नी, श्रीमती जयाताई ठावरी!”

पहिल्या रांगेतून सुती साडीतली बाई उठली. ती व्यासपीठाकडे गेली नाही. सगळ्या खुर्च्या ओलांडून मागे आली आणि पदर सारखा करून तिनं वाकून विठ्ठलरावांच्या पायांना हात लावला.

“लिहिण्यात चूक झाली असन, साहेब,” जयाबाई म्हणाल्या. “हे माहे सासरे होत.”