खर्जातले दोन ठोके

‘पुन्हा. पहिल्यापासून.’

बंद दारापलीकडून येणारा बाबांचा हा आवाज लहानपणीच तिच्या कानात घर करून बसला होता. आत बाबांचं व्हायोलिन, साथीला आईचा पियानो. बाहेर दाराला कान लावून ती.

आज त्याच खोलीत, त्याच पियानोवर ती वाजवत होती. बाबांनी व्हायोलिनसाठी केलेली दीड पानाची रचना तिनं एकट्या पियानोवर उतरवली होती. व्हायोलिनचा सूर पाण्यात सोडलेल्या पानासारखा वाहत राहतो. पियानोचा गारेसारखा पडतो नि विरतो. म्हणून एकेका सुराच्या जागी तिनं गारांचा मारा केला होता. बोटं दिसेनाशी झाली होती. शेजारी बसून आई पानं उलटत होती. मागे उभे राहून बाबा हातातल्या व्हायोलिनच्या गजानं ताल धरत होते.

तिसऱ्या ओळीत ती मध्येच थांबली. मग खर्जात, हात आपटावेत तसे दोन ठोके. शांतता. आणि पुन्हा तोच वाहता सूर. उद्याच्या मैफलीत या जागेवर सभागृह श्वास रोखणार, याची तिला खात्री होती.

‘वाजवतेस की दगड फोडतेस?’ बाबांनी तिला थांबवलं.

तिनं सांगितलं, पदरचं काहीच घातलेलं नाही. दाराबाहेरून वर्षानुवर्षं ऐकलं तसंच लिहिलंय. बाबा लालबुंद झाले. माझीच रचना मला शिकवू नकोस, म्हणाले. ठोके काढ, नाहीतर उद्या माझं नाव घ्यायचं नाही.

‘ते काढले तर ही तुमची वाटतच नाही, बाबा.’

गज सपकन तिच्या डाव्या हातावर बसला. कातडं फाटलं. हात पट्ट्यांवर आदळला, आणि खर्जात तोच ठोका घुमला. अगदी तोच.

ती आईकडे बघतच राहिली.

बाबांनी पुन्हा उगारलेला गज आईनं वरच्यावर धरला, हिसकला आणि गुडघ्यावर कडकन मोडला. तुकडे पियानोवर ठेवले. पदरानं लेकीच्या बोटांचं रक्त टिपलं.

‘बरोबर लिहिलंयस, बाळा,’ ती म्हणाली. ‘तिथं माझी चूक व्हायची. ह्यांचा गज डोक्यात बसला की माझे हात असे पट्ट्यांवर पडायचे.’

तिनं पदर लेकीच्या हाताभोवती घट्ट गुंडाळला.

‘तू दोनच लिहिलेस.’